भय कर्करोगाचे, वानवा तपासणीची

२०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नामकरण अहिल्यानगर असे झाले. पुढच्याच वर्षी, ३१ मे २०२५ रोजी, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यांचे जन्मस्थान असलेले चौंडी हे गाव याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. त्रिशताब्दीच्या निमित्ताने राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत झाली, ठिकठिकाणी व्याख्याने झाली, मिरवणुका निघाल्या. हे सारे उचितच झाले. परंतु लोकमातेचे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्यावर त्या नावाची एक जबाबदारीही येते. अहिल्यादेवींनी देशभर घाट बांधले, विहिरी आणि बारवा खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. यात्रेकरूंच्या वाटेवरच त्यांनी सोय उभी केली. सोय कोठे असावी, तर जेथून माणसे जातात तेथे, हा त्या कार्यातून मिळणारा धडा आहे.

या धड्याच्या कसोटीवर एक प्रश्न विचारला पाहिजे. जिल्ह्यातील तिशी ओलांडलेली स्त्री ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची साधी तपासणी मिळते काय? ती सर्दी-तापासाठी ज्या दवाखान्यात जाते, ज्या प्रसूतिगृहात तिची बाळंतपणे झाली, अंगावरून पांढरे जाते म्हणून ज्या डॉक्टरांना ती भीत भीत दाखवते, तेथे कोणी तिला ‘एकदा ही तपासणी करून घ्या’ असे सांगते काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने याचे उत्तर दिले आहे आणि ते सुखावह नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयोगटातील अवघ्या १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती. शंभरातील अठ्ठ्याण्णव स्त्रियांना ती माहीतच नाही, अथवा माहीत असूनही त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही. याच देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग जडतो आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावतात.

सावकाश येणारा शत्रू

या रोगाचे वैशिष्ट्य असे की, तो अचानक घाला घालीत नाही. ‘ह्यूमन पॅपिलोमा’ नावाच्या विषाणूच्या काही जाती गर्भाशयमुखात ठाण मांडून बसतात आणि तेथील पेशींत हळूहळू बदल घडवितात. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांनी हा संबंध दाखवून दिला आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो टिकून राहतो, त्यांच्यातही कर्करोग प्रत्यक्ष प्रकट होण्यास साधारणतः १० ते १५ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

एवढा दीर्घ अवधी देणारे कर्करोग फार थोडे. या अवधीत एकदा तपासणी झाली, तर बदललेल्या पेशी नेमक्या हेरता येतात आणि शीत किंवा उष्णता देऊन अथवा छोट्या शस्त्रक्रियेने त्या नष्ट करता येतात. ती स्त्री बहुधा त्याच दिवशी घरी जाते. गर्भाशय शाबूत राहते आणि कर्करोग होण्यापूर्वीच टळतो. याउलट रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, कंबरदुखी अशी लक्षणे दिसू लागतात तेव्हा रोग बहुधा बराच पुढे गेलेला असतो. मग पुणे-मुंबईच्या वाऱ्या, किरणोपचार, कर्ज, मोडलेले घर. मुंबईत परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात बाहेरगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. तेथे सेवा करणाऱ्या कार्यकर्त्यांना या यातनांची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. ती सेवा थोर आहेच. पण तेथवर येण्याची वेळच येऊ नये, यासाठी गावातल्या दवाखान्यात काय करता येईल, याचा विचारही तितकाच आवश्यक आहे.

शेजारच्या जिल्ह्याचे ऋण

तपासणीने खरोखर जीव वाचतात काय, हा प्रश्न आता उरलेला नाही. आणि त्याचे उत्तर कोठे मिळाले, हे प्रत्येक महाराष्ट्रीय माणसाला ठाऊक असावयास हवे. जामखेड तालुक्याची सीमा ओलांडली की, पूर्वीचा उस्मानाबाद आणि आताचा धाराशिव जिल्हा लागतो. तेथील खेड्यांत टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून एक प्रदीर्घ अभ्यास केला. गावांचे ५२ गट पाडण्यात आले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. काही गटांत विषाणूची म्हणजे एचपीव्ही चाचणी झाली, काहींत पॅप चाचणी, काहींत सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि काही गटांत नेहमीच्या व्यवस्थेपलीकडे काहीच नाही.

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात केवळ एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ स्त्रिया मृत्यू पावल्या, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. प्रगत अवस्थेतील रोगाचे प्रमाणही जवळजवळ निम्म्यावर आले. एका फेरीच्या पॅप चाचणीने किंवा डोळ्यांनी केलेल्या पाहणीने मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. पुढे २०१३ साली टाटा स्मारक केंद्राने मुंबईच्या झोपडवस्त्यांतील अभ्यास जाहीर केला. तेथे आम्ल लावून पाहणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा झाली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ही पाहणी करणाऱ्या कार्यकर्त्या दहावी शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या साध्या स्त्रिया होत्या. दोन्ही अभ्यासांचा मथितार्थ एकच. चाचणी चांगली असेल तर एकदाही पुरते. साधी असेल तर ती नीट शिकून आणि पुनःपुन्हा करावी लागते.

या यशाला एक काळी किनारही आहे. ज्या गटांना तपासणी मिळाली नाही, त्यांतील स्त्रियांच्या मृत्यूंवरून पुढे नैतिक प्रश्न उपस्थित झाले, वैद्यकीय नियतकालिकांत वादही झडले. त्या वादाचा निवाडा कसाही होवो. धाराशिवच्या कष्टकरी स्त्रियांनी जगाला एक ज्ञान दिले आणि त्याचे मोलही त्यांनीच चुकविले, एवढे निश्चित. जागतिक आरोग्य संघटना आज तिशीनंतर एचपीव्ही चाचणीचा आग्रह धरते, त्यामागे त्यांच्या अंगणातून गेलेला पुरावा आहे. त्या पुराव्याच्या आधारे सधन देशांनी आपल्या तपासणी योजना सुधारल्या. आणि कोसाच्या अंतरावरील जामखेड, कर्जत, पाथर्डीच्या स्त्रीला त्या चाचणीचे नावही ठाऊक नसावे, ही केवढी विटंबना!

शिबिर उठते, दवाखाना राहतो

यावर ‘हे काम शासनाचे आहे’ असे उत्तर सहज दिले जाते. शासनाने काही केलेच नाही, असे नाही. तिशीवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, अशी मार्गदर्शक योजना केंद्राने २०१६ मध्ये आखली. २०२२ च्या नवरात्रात राज्यात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ अभियान झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ हे देशव्यापी अभियान सुरू झाले. या प्रयत्नांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. चौदा तालुके, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर प्रदेश आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांवर लोकसंख्या. उत्तरेला कालव्याच्या पाण्याने आणि साखर कारखान्यांनी संपन्न झालेला पट्टा, दक्षिणेला अवर्षणग्रस्त तालुके, पश्चिमेला अकोल्याचा आदिवासी डोंगराळ भाग. एवढा विस्तार शिबिरांनी व्यापता येणार नाही. शिबिर उठून जाते. गावातला दवाखाना बाराही महिने जागेवर असतो.

आणि लोक जातात ते याच दवाखान्यांत. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतातही जेमतेम एक तृतीयांश आजारांचे उपचार शासकीय व्यवस्थेत होतात. उरलेले बहुतांश खासगी डॉक्टरांकडे. तालुक्याच्या गावचे स्त्रीरोगतज्ज्ञ, बाजारपेठेतील आयुर्वेद पदवीधर डॉक्टर, पिढ्यान्‌पिढ्या घरातले म्हणून मानले गेलेले वैद्यकीय व्यावसायिक, यांच्यावर लोकांचा विश्वास आहे. ज्या घरात कोणी शिबिराला जाणार नाही, त्या घरातील सासूसुद्धा ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ म्हटल्यावर सुनेला तपासणीस धाडते. हा विश्वास हेच खासगी वैद्यकाचे सर्वांत मोठे भांडवल आहे. तपासणीच्या कामी ते जवळजवळ न वापरता पडून आहे.

चोर सोडून संन्याशाला फाशी

पडून राहणे एवढाच दोष असता, तरी एक वेळ चालले असते. पण काही ठिकाणी या विश्वासाचा दुरुपयोग झाला आहे आणि त्याची किंमत स्त्रियांनी आपल्या शरीराने मोजली आहे. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या निमित्ताने झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील अनेकींचे वय अगदी कमी होते. अनेक स्त्रियांनी सांगितलेली हकिगत थोड्याफार फरकाने सारखीच होती. पोट दुखते, अंगावरून जाते, म्हणून दवाखान्यात गेल्या. ‘पिशवीला सूज आहे, ठेवलीत तर पुढे कॅन्सर होईल, काढून टाका’ असे ऐकले. आणि पाळीच्या दिवसांत कोयता खाली ठेवणे परवडत नाही, रजेचा दिवस म्हणजे मुकादमाचा दंड, या धास्तीने त्यांनीही मान डोलावली.

बीडची ही कहाणी नगरला परकी नाही. ऊसतोडणीसाठी येणाऱ्या टोळ्या नगरच्याच कारखान्यांवर उतरतात आणि पाथर्डी-जामखेडकडील कुटुंबेही कोयता घेऊन बाहेर पडतात. सर्वच डॉक्टर असे करतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सचोटीने व्यवसाय करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात आहेत. पण प्रश्न व्यक्तींपेक्षा पद्धतीचा आहे. कर्करोगाचे भय दाखविण्यास काहीच खर्च येत नाही. ते भय खरे की खोटे, हे ठरविणारी चाचणी मात्र सुचविलीच जात नाही. काही शे रुपयांत होणारी पॅप चाचणी बाजूला राहते आणि हजारो रुपयांची शस्त्रक्रिया उरकली जाते. निरोगी गर्भाशय शिक्षा भोगते आणि ज्या स्त्रीला खरोखर धोका आहे, ती तपासणीअभावी तशीच राहते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

यातील वैद्यकीय अनर्थही समजून घेतला पाहिजे. तपासणीविना गर्भाशय काढले आणि गर्भाशयमुखात आधीच कर्करोग दडलेला असला, तर ती साधी शस्त्रक्रिया त्याला पुरी पडत नाही. उलट पुढचे उपचार अवघड करून ठेवते. कधी शस्त्रक्रियेत गर्भाशयाचे मुख मागेच राहते, तेव्हा ‘पिशवी काढली, आता चिंता नाही’ हा समज जीवघेणा ठरतो. सोबत अंडाशयेही काढली गेली, तर तिशी-पस्तिशीतच वार्धक्याची लक्षणे, हाडांची झीज आणि अशक्तपणा पदरी पडतो. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि ती सर्व राज्यांनी अमलात आणावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये बजावले. कागदावर नियम आला. आता तो दवाखान्याच्या मेजावर यावयास हवा.

डॉक्टरांच्या अडचणी

खासगी डॉक्टरांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. बाहेर रुग्णांची रांग, आत जागा अपुरी, आडोसा नाही, मदतीला प्रशिक्षित परिचारिका नाही. डॉक्टर पुरुष असेल तर स्त्री संकोचते. काही तक्रार नसताना तपासणी सुचविली तर ‘पैसे काढण्याचा धंदा’ असा आरोप येतो. नमुना पाठविण्याची प्रयोगशाळा दूर, अहवाल येईपर्यंत रुग्ण उसाच्या फडावर निघून गेलेला. या अडचणी खऱ्या आहेत, पण अभेद्य नाहीत.

जामखेडनेच याचे उत्तर अर्ध्या शतकापूर्वी दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातील निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गावातील बाई गावातल्या बाईशी बोलली की, डॉक्टरांना न सांगितलेले दुखणेही बाहेर येते, हे त्या प्रकल्पाने सिद्ध केले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दवाखान्यातील परिचारिका किंवा मदतनीस स्त्री हीच भूमिका बजावू शकते. मुंबईत दहावी शिकलेल्या कार्यकर्त्या जे करू शकल्या, ते नगरच्या दवाखान्यातील परिचारिकेला का जमू नये? शिवाय एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्री स्वतःच, आडोशाला जाऊन, छोट्या कुंचल्याने घेऊ शकते आणि ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली आहे. संकोचाचा प्रश्न त्यामुळे पुष्कळसा सुटतो. ही चाचणी आज खासगी प्रयोगशाळेत महाग पडते, हे खरे. पण जिल्ह्यातील वैद्यकीय संघटना आणि लोणी व विळद घाट येथील वैद्यकीय महाविद्यालये यांनी एकत्र येऊन मोठ्या संख्येने नमुने तपासण्याची व्यवस्था केली, तर दर खाली येण्यास वाव आहे.

संकोच आणि गैरसमज

एक अडथळा मात्र दवाखान्याबाहेरचा, घरातला आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून संक्रमित होतो, हे कळताच सुशिक्षित घरांतही कुजबुज सुरू होते आणि तपासणी म्हणजे चारित्र्यावर संशय, असा भलता अर्थ लावला जातो. वास्तविक हा संसर्ग इतका सार्वत्रिक आहे की, विवाहित स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. एकनिष्ठ दांपत्यातही तो आढळू शकतो आणि वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. त्यावरून कोणाच्या शीलाचा निष्कर्ष काढणे म्हणजे निव्वळ अज्ञान. मातृशक्तीचा गौरव करणाऱ्या समाजाने मातेचे शरीर मात्र लज्जेचा विषय मानावा, हे विसंगत आहे.

दुसरा गैरसमज लसीविषयी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही पहिली देशी लस २०२३ च्या प्रारंभी उपलब्ध झाली, ही अभिमानास्पद गोष्ट आहे. मुलींना ती अवश्य द्यावी. पण ती लस उद्याच्या पिढीचे कवच आहे. आज चाळिशीत असलेल्या आईचे रक्षण तपासणीच करू शकते. शिवाय लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी हवीच.

चार गोष्टी, उद्यापासून

या कामासाठी मोठा निधी किंवा नवा कायदा येण्याची वाट पाहावी लागत नाही. चार गोष्टी उद्यापासून होऊ शकतात. पहिली, तिशीवरील कोणतीही स्त्री कोणत्याही कारणाने दवाखान्यात आली की, ‘तपासणी कधी झाली?’ हा एक प्रश्न रक्तदाबाइतक्या सहजतेने विचारला जावा आणि उत्तर तिच्या कागदावर लिहिले जावे. ज्या डॉक्टरांना स्वतः तपासणी करता येत नाही, त्यांनी ती करणाऱ्यांकडे चिठ्ठी द्यावी. दुसरी, चाचणी सदोष आली तर पुढे कोणाकडे जावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. कारण पाठपुराव्याविना केलेली तपासणी म्हणजे केवळ नव्या भयाची भर. तिसरी, गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अहवाल पाहिल्याविना ठरवून करावयाची गर्भाशय-शस्त्रक्रिया करणार नाही, असा संकल्प जिल्ह्यातील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीरपणे करावा. सचोटीच्या डॉक्टरांची प्रतिष्ठा त्याने वाढेल आणि इतरांवर लोकलज्जेचा अंकुश राहील. चौथी, कारखान्यांनी गळीत हंगामात तोडणीच्या तळांवर जवळच्या खासगी डॉक्टरांच्या साह्याने तपासणीचे दिवस ठरवावेत. ज्यांच्या घामावर साखर पिकते, त्यांच्यासाठी एवढे करणे हा उपकार नव्हे.

आणि कुटुंबांनी? महिला मंडळांनी, भजनी मंडळांनी, वस्तीवर काम करणाऱ्या भगिनींनी हा विषय हळदीकुंकवात, बचत गटात मोकळेपणाने काढावा. ‘पिशवी काढा’ असे कोणी म्हणाले, तर ‘आधी तपासणीचा अहवाल दाखवा’ असे शांतपणे म्हणण्याचे बळ प्रत्येक स्त्रीला आणि तिच्या पतीला द्यावे. सुशिक्षित घरातील स्त्रीने स्वतःची तपासणी करून घ्यावी आणि घरी काम करणाऱ्या बाईलाही सोबत न्यावे.

धाराशिवच्या स्त्रियांनी पुरावा दिला. जामखेडने वाट दाखविली. बीडने इशारा दिला. हे तिन्ही धडे ज्या जिल्ह्याच्या अंगणात आणि उंबरठ्याशी घडले, तेथील वैद्यकाने आणि समाजाने ते गिरवले नाहीत, तर नाव बदलूनही नशीब बदलले नाही, असे म्हणावे लागेल. अहिल्यादेवींच्या बारवा वाटसरूच्या वाटेवर होत्या. तपासणीची सोयही तशीच, स्त्रीच्या रोजच्या वाटेवर, तिच्या ओळखीच्या दवाखान्यात असली पाहिजे.